काश्मीर खोऱ्यातली बर्फातली रेल्वे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बर्फ बघायला काश्मीरला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत गुलमर्ग, सोनमर्ग आणि पहलगाम ठरलेलेच असतात. रेल्वेचा विचार झालाच तर वंदे भारतचा होतो, आणि तोही चिनाबचा पूल बघायचा म्हणून. पूल बघावाच. पण बर्फ बघायचा असेल तर खरी गाडी वेगळी आहे. बनिहाल ते बारामुल्ला या सुमारे १३८ किलोमीटरच्या मार्गावर नोकरदार, विद्यार्थी आणि बाजारहाट करणारे लोक घेऊन दिवसभर फिरणारी साधी लोकल, ती ही गाडी. तिकीट शंभर रुपयांच्या आत. अडचण तिकिटाची नसतेच. कोणत्या दिवशी बसायचं, कोणत्या स्थानकावर चढायचं आणि कोणत्या बाजूला बसायचं, हे नीट जमलं तर प्रवास साधतो. नाहीतर दोन तास वाफ धरलेल्या काचेकडे बघत बसावं लागतं.

आधी मार्ग समजून घ्या

खोऱ्यात रेल्वे तुकड्यातुकड्यांनी आली. ऑक्टोबर २००८ मध्ये अनंतनागपासून पहिली गाडी धावली, २००९ मध्ये मार्ग एका टोकाला बारामुल्ला आणि दुसऱ्या टोकाला काझीगुंडपर्यंत पोहोचला, आणि जून २०१३ मध्ये पीर पंजाल पर्वताखालून बोगदा काढून तो बनिहालला नेला. हा बोगदा ११.२ किलोमीटरचा. त्याआधी देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा आपल्या रत्नागिरीजवळचा करबुडे होता, साडेसहा किलोमीटरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्ग बनिहालहून सांगलदानपर्यंत वाढला आणि ६ जून २०२५ ला कटऱ्यापर्यंतचा राहिलेला तुकडा जोडला गेला. चिनाब आणि अंजी हे दोन्ही पूल ज्या टप्प्यात येतात, त्याचं काम कोकण रेल्वेकडे होतं.

आता नवख्यांची फसगत होते ती इथे. कटरा ते बनिहाल हे अंतर १११ किलोमीटर आणि त्यातले ९७ किलोमीटर बोगद्यात. डोंगर पोखरून काढलेला मार्ग म्हणून त्याला तोड नाही, पण खिडकीतून दिसतो तो बहुतेक वेळ अंधार. शिवाय कटऱ्यानंतर येणारा रियासीकडचा भाग कमी उंचीवर असल्याने तिथे बर्फ बहुधा नसतोच. बर्फाचा पट्टा सुरू होतो बनिहालपासून. पीर पंजालच्या बोगद्यातून गाडी उत्तरेला बाहेर पडली की मग मैदान, बागा, गावं आणि चहूबाजूंनी डोंगर.

म्हणून वंदे भारतने खोऱ्यात पोहोचा आणि बर्फ बघायला एक आख्खा दिवस लोकलसाठी राखून ठेवा.

कधी जायचं

काश्मिरी हिवाळ्याचे तीन भाग आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, सगळ्यात कडक थंडीचे. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. खोऱ्याच्या तळाला, म्हणजे श्रीनगर, अनंतनाग, पट्टन या उंचीवर, बर्फ पडण्याची शक्यता डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त. नाताळ आणि नववर्षाला गर्दी व भाव दोन्ही चढलेले असतात आणि बर्फाची खात्री मात्र तुलनेने कमी. आमची शिफारस जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याची. २६ जानेवारीच्या आगेमागे मात्र बंदोबस्त कडक असतो, ते दोन-तीन दिवस टाळा.

खात्री कुणीच देऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा बराच काळ कोरडं होतं. इथला बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी वादळी हवा. ती आली तर दोन दिवसांत सगळं पांढरं, नाही आली तर महिनाभर नुसती कोरडी थंडी आणि धुकं. श्रीनगरचं हवामान केंद्र चार-पाच दिवसांचा अंदाज देतं, आणि विक्षोभाच्या बाबतीत तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. त्यामुळे श्रीनगरमध्ये किमान पाच रात्री मुक्काम ठेवा आणि रेल्वेचा दिवस घरून ठरवून जाऊ नका. गुलमर्गची टॅक्सी, शिकारा, बाजार हे सगळं मागेपुढे करता येतं.

दिवस निवडायचा नियम सोपा आहे: बर्फ पडतो त्या दिवशी बसू नका, थांबला की दुसऱ्या दिवशी बसा. बर्फ पडत असताना ढग जमिनीला टेकलेले असतात, रुळापासून दोनशे मीटरवरचं झाडही दिसत नाही, डोंगर तर सोडाच. शिवाय महामार्ग बंद झालेला असल्याने रस्त्याने जाणारी सगळी माणसं रेल्वेकडे वळतात आणि डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी आकाश निवळतं. रात्री उघड्या आकाशाखाली पारा शून्याच्या बराच खाली गेलेला असतो, त्यामुळे सकाळी विलोच्या आणि चिनारच्या बारीक फांद्यांवरही बर्फ टिकून असतो. ऊन वर आलं की दुपारपर्यंत तो गळून पडतो. तिसऱ्या दिवशी गावांजवळ चिखल दिसायला लागतो. म्हणजे हातात मोजून एक दिवस, आणि त्यातही सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ.

खोऱ्यापर्यंत कसं पोहोचायचं

विमानाने मुंबईहून थेट श्रीनगर, हा सरळ मार्ग. बर्फाच्या दिवशी विमानं रद्द होतात हे गृहीत धरून परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.

रेल्वेने जायचं तर पुण्याहून जम्मू तवीची झेलम एक्सप्रेस, किंवा वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याची स्वराज एक्सप्रेस. झेलमने आलात तर जम्मूहून आधी कटरा गाठा. पुढे कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत, अंदाजे १९० किलोमीटर, तीन तासांच्या आसपास. २०२५ मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा बाहेरून आलेल्या प्रवाशाला कटऱ्याला उतरून सामानासकट तपासणीतून जाऊन गाडी बदलावी लागत होती. आता हे लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत पंजाब-हरियाणात धुकं दाटतं आणि लांब पल्ल्याच्या गाड्या पाच-सहा तास सहज रखडतात. झेलम सकाळी पोहोचते म्हणून दुपारच्या वंदे भारतचं आरक्षण करणारे फार आहेत, आणि दोन वेगवेगळी तिकिटं असल्याने पुढची गाडी चुकली की पैसे बुडतात. एक रात्र कटऱ्याला काढा. वैष्णोदेवीच्या यात्रेमुळे हॉटेलं भरपूर आहेत, फक्त वर्षअखेरीस आधी बुक करा.

वंदे भारत सुरू झाली तेव्हा चेअर कारचं भाडं सातशेच्या थोडं वर आणि एक्झिक्युटिव्हचं तेराशेच्या थोडं वर होतं. या गाडीच्या चालकासमोरच्या काचेत तापणाऱ्या तारा बसवल्या आहेत आणि शौचालयाच्या टाक्या व नळ गोठू नयेत म्हणून गरम ठेवण्याची सोय आहे. डबे उबदार असतात, त्यामुळे जाड जाकीट घालूनच चढलात तर अर्ध्या तासात घामाघूम व्हाल. कटरा सोडल्यावर थोड्याच वेळात अंजीचा पूल येतो, देशातला तारांवर तोललेला पहिला रेल्वे पूल. रियासीनंतर चिनाबचा, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आणि १,३१५ मीटर लांब. बोगद्यातून बाहेर, मिनिटभर उजेड, परत बोगदा. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलात की पूल संपलेला असतो, तेव्हा रियासी गेलं की खिडकीबाहेर लक्ष ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

मोबाईल: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या, नाहीतर ओटीपी येणार नाही, म्हणजे तिकीट नाही आणि यूपीआयचाही खोळंबा. पाचशे-हजार रुपये सुट्या नोटांत जवळ ठेवा. आरक्षित तिकिटं घरूनच छापून न्या आणि आधारकार्ड मूळ प्रत बरोबर ठेवा.

कपडे: सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स हॉटेलवर ठेवा. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि मग अंग गारठतं. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट, असे तीन थर. डब्यात वरचा काढायचा, फलाटावर घालायचा. पायांत लोकरीचे मोजे आणि पाणी न झिरपणारे, खाचाखाचांच्या तळाचे बूट. खरं सांगायचं तर खोऱ्यातले लोक साधे रबरी गमबूट घालतात आणि त्यांचं काही अडत नाही. श्रीनगरच्या बाजारात ते स्वस्तात मिळतात, फक्त आत जाड मोजे हवेत म्हणून एक माप मोठे घ्या.

उंचीची भीती बाळगायचं कारण नाही. खोऱ्याचा तळ साधारण कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे आणि पीर पंजालचा बोगदा सरासरी १,७६० मीटरवर. इथे विरळ हवेचा त्रास होत नाही. धोका आहे तो घसरण्याचा. वयस्क माणसांच्या बाबतीत सगळं लक्ष तिथेच द्या: कठड्याचा आधार, लहान पावलं, हात खिशाबाहेर.

खाणं: लोकलमध्ये खानपानाची सोय धरू नका. सकाळी कांदुराच्या, म्हणजे काश्मिरी भटाऱ्याच्या दुकानातून गिर्दा किंवा तीळ लावलेला चोचवोर घ्या, थर्मासमध्ये चहा भरून घ्या. नून चाय खारट असतो. गोड चहाच हवा असेल तर तसं आधी सांगा, लोक समजून घेतात. घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या थंडीत चिवट होतात, चिवडा आणि लाडू बरे. पाणी प्यायचं विसरायला होतं कारण तहान लागत नाही, आणि मग ओठ फुटतात, डोकं दुखतं. शौचालय स्थानकावरच उरकून गाडीत बसलेलं बरं.

चढायचं कुठे, बसायचं कुठे

श्रीनगरचं स्थानक नौगामला आहे, दल सरोवरापासून दहा किलोमीटरच्या आसपास. बर्फाच्या दुसऱ्या दिवशी शहरातले रस्ते घसरडे असतात, गाड्या रांगत चालतात, त्यामुळे हॉटेलहून दीड तास आधी निघा. स्थानकाबाहेर सामान आणि अंगझडती होते. कॅमेऱ्याची मोठी बॅग नेऊ नका, तपासणीत वेळ जातो.

लोकलमध्ये आरक्षण नाही, खिडकी ज्याची त्याची. श्रीनगरला चढलात तर खिडकी मिळेलच असं नाही. त्यावर उपाय म्हणजे एक स्थानक मागे, बडगामला, जाऊन चढणे. काही गाड्या तिथूनच सुटतात आणि डबा रिकामा मिळतो. सकाळी नऊच्या आधीच्या आणि संध्याकाळी चारनंतरच्या गाड्या नोकरदार आणि विद्यार्थ्यांच्या असतात. त्या वेळी तीन जणांच्या जागेवर सहलीला आलेल्याने पसरून बसणं बरं दिसत नाही.

बनिहाल आणि बडगाम यांच्यामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबाही सुरू झाला. तो सगळ्या फेऱ्यांना नसतो, आरक्षण लागतं, भाडं साध्या तिकिटाच्या कितीतरी पट. निवळलेल्या दिवशी छान. पण ताज्या बर्फानंतर पहिल्या फेरीला छतावर बर्फाचा थर बसलेला असेल तर काचेचं छत असून नसल्यासारखं. पैसे वाचवायचे असतील तर त्यात काही मोठं गमावत नाही.

बाजू कोणती? श्रीनगरहून बनिहालला जाताना उजवी. गाडी आग्नेयेकडे जाते, पीर पंजालची रांग उजवीकडे राहते आणि सकाळचं ऊन समोरून-डावीकडून तिच्यावर पडतं, त्यामुळे हिम उजळलेलं दिसतं. दुपारी परतताना ही रांग डावीकडे येते, पण सूर्य तिच्या मागे जायला लागलेला असतो. तेव्हा पुन्हा उजवीकडे बसून पूर्वेचे डोंगर बघा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा उजवी, एवढं पाठ केलं तरी पुरे.

श्रीनगर ते बनिहाल: काय, कुठे

सुमारे ८० किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. श्रीनगर सुटल्यावर पांपोर आणि काकापोर ही स्थानकं येतात. सपाट माथ्याच्या मातीच्या टेकड्या दिसतात त्या करेवा, केशराची शेती याच जमिनीवर होते. हिवाळ्यात अर्थातच नुसती पांढरी पठारं. केशराचे कंद खाली जमिनीत असतात आणि वरचा बर्फ वितळून त्यांना ओल मिळते, म्हणून बर्फ कमी पडलेल्या वर्षी शेतकरी काळजीत असतो.

अवंतिपोर, पंजगाम, मग बिजबेहारा. या पट्ट्यात विलोची झाडं आणि क्रिकेटच्या बॅटचे कारखाने. विलोच्या फळ्या वाळवण्यासाठी एकावर एक रचून ठेवलेल्या असतात, जाळीदार मनोऱ्यासारख्या, आणि बर्फानंतर प्रत्येक फळीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. अनंतनागला बरीच गर्दी उतरते. खिडकी मिळाली नसेल तर ती इथे मिळते, उठून बघा.

अनंतनागनंतर सदुरा, मग काझीगुंड. इथून पुढे सावध. डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे काझीगुंडला बर्फ श्रीनगरपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो. श्रीनगरला बोटभर असेल तर इथे गुडघाभर असू शकतो. सफरचंदाच्या बागांमध्ये खोडं अर्धी गाडलेली, घरांच्या उतरत्या पत्र्यांवरून सरकून आलेला बर्फ वळचणीला लोंबकळतोय, आणि रुळांच्या दोन काळ्या रेघा सोडल्या तर जमिनीवर दुसरा रंग नाही. गाडी वेगात असेल तर तिच्या झोताने खडीवरचा भुसभुशीत बर्फ उडून खिडकीबाहेर धुरासारखा पसरतो. चित्रफितींमध्ये दिसतो तो हाच. तो बघायचा तर मागच्या डब्यात बसा. पुढच्या डब्यात बर्फ उडण्याआधीच तुम्ही पुढे गेलेले असता. सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या वेळी ओव्हरहेड वायरवर हिम साकळलेलं असतं आणि वरून निळ्या ठिणग्या उडतात, चरचर आवाज येतो. घाबरू नका. वायर आणि गाडीवरचा वीजग्राहक दांडा यांच्यात बर्फाचा थर आला की असं होतं, आणि एक-दोन गाड्या गेल्या की वायर साफ होते. हा मार्ग विजेवर आला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये.

काझीगुंडनंतर हिल्लर शाहाबाद हे छोटं स्थानक, आणि लगेच बोगदा. सुमारे दहा मिनिटं अंधार. डोक्यावर पीर पंजाल. वरून जाणारा जुना रस्ता जवाहर बोगद्यातून जातो, तो या बोगद्याहून ४४० मीटर उंचीवर आहे. रस्त्याने काझीगुंड-बनिहाल ३५ किलोमीटर पडायचे, रेल्वेने ते अंतर निम्म्यावर आलं. बोगद्यातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असते, गार काचेवर तिचं दव धरतं. त्यामुळे पलीकडे बाहेर पडताना बऱ्याचदा काच धूसर झालेली असते. आतून पुसून उपयोग नसतो, दोन-तीन मिनिटं थांबायचं.

पलीकडे हवामान वेगळं असू शकतं. खोऱ्यात लख्ख ऊन आणि बनिहालला ढग, किंवा बरोबर उलट. बनिहालचं स्थानक अरुंद दरीत आहे, डोंगर अगदी अंगावर आल्यासारखे. इथे उतरा. गाडी पुढे सांगलदानकडे जात असली तरी मोहात पडू नका: त्या ४८ किलोमीटरमध्ये नव्वद टक्के बोगदे आहेत, खारी आणि सुंबरच्या दरम्यानचा तर १२.७७ किलोमीटरचा, देशातला सगळ्यात लांब.

बनिहालला उतरल्याबरोबर पहिलं काम परतीच्या गाडीची वेळ फलकावर बघणे आणि तिकीट काढणे. बर्फाच्या दिवसांत वेळापत्रक बदललेलं असतं, मोबाईलवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. मग चहा घ्या, स्थानकाच्या आवारात फिरा. रुळावर उतरून फोटो काढायचे नाहीत. विजेच्या गाडीचा आवाज बर्फात दबतो, ती पाठीशी येईपर्यंत कळत नाही.

बारामुल्लाची बाजू

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी उलट दिशा. श्रीनगरहून बडगाम, माझोम, पट्टन, हामरे, सोपोर, बारामुल्ला. इथे बोगदे नाहीत, गर्दी तुलनेने कमी, आणि डावीकडे गुलमर्गमागचे डोंगर बराच वेळ साथ देतात. सोपोरचा परिसर सफरचंदांचा. काझीगुंडसारखा थरार नाही, पण लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ही फेरी जास्त सुखाची. गुलमर्गलाच राहायचं असेल तर माझोमला उतरून मागामवरून पुढे टॅक्सीने जाता येतं. घासाघीस आधी करा, बर्फ असेल तर टायरला साखळ्या आहेत का तेही विचारा.

फोटो

काचेला लेन्स टेकवून फोटो काढा, नाहीतर डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं. काच पुसायला मऊ सुती फडकं किंवा चष्म्याचा कपडा. लोकरीच्या हातमोज्याने पुसली की ती आणखी चरबट होते. कॅमेरा पांढऱ्या दृश्याला उजेड जास्त समजून चित्र काळवंडून टाकतो आणि बर्फ राखाडी येतो. मोबाईलमध्ये बोटाने उजेड थोडा वाढवा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर ०.७ ते १.३ ने वर. चालत्या गाडीतून शटर १/१००० च्या खाली नको. थंडीने बॅटरी पटकन उतरते, म्हणून मोबाईल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

जवान, चौक्या, पूल आणि बोगद्यांची तोंडं यांचे फोटो काढू नका. कुणी हटकलं तर वाद न घालता पुसून टाका. डब्यातल्या बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि खिडकी उघडायची तर शेजाऱ्याला विचारून; तुम्हाला मौज वाटते ती थंडी त्यांच्या रोजची आहे. दारात उभं राहू नका, पायरीवर गोठलेलं पाणी दिसत नाही.

काय बिघडतं आणि मग काय करायचं

गाडी सुटतच नाही. जोराचा बर्फ पडला की आधी पुढे पातं लावलेलं इंजिन रूळ साफ करत जातं. मग सांधे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ, मोकळे करावे लागतात, कारण दोन रुळांच्या फटीत बर्फ घट्ट बसला की सांधा पूर्ण फिरत नाही आणि सिग्नल मिळत नाही. ओल्या बर्फाच्या भाराने झाडाची फांदी वायरवर पडली तर वेगळाच वेळ. बहुतेक वेळा दुपारपर्यंत मार्ग सुरू होतो, म्हणून सकाळची गाडी रद्द झाली की दिवस सोडून देऊ नका, अकराच्या सुमाराला स्थानकावर चौकशी करा. फोनवरच्या माहितीपेक्षा खिडकीवरचा माणूस अचूक सांगतो.

बनिहालला अडकलात. हा एकच प्रसंग खरोखर गैरसोयीचा, कारण तिथे राहण्याची सोय मोजकी आहे आणि रस्ता बहुधा बंद असतो. टाळायचा उपाय म्हणजे शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरणे. जानेवारीत सूर्य साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, तसंही त्यानंतर बघण्यासारखं काही उरत नाही. औषधं, मोज्यांचा एक सुका जोड आणि एका वेळचं खाणं पाठीवरच्या पिशवीत हवंच.

धुकं. कोरड्या थंडीच्या दिवसांत सकाळी खोरं धुक्याने भरलेलं असतं आणि दहा-अकरापर्यंत काही दिसत नाही. अशा वेळी सकाळची गाडी सोडून साडेदहा-अकराची घ्या. काझीगुंडच्या पुढे बऱ्याचदा धुकं विरळ असतं.

बूट ओले झाले. हॉटेलवर बुखारीच्या, म्हणजे लाकडाच्या शेगडीच्या, अगदी जवळ ठेवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत वाळतात.

आणि बर्फ पडलाच नाही तर? पाच रात्रींत विक्षोभ आला नाही, तरी काझीगुंडपर्यंतची फेरी एकदा कराच. खालचं मैदान तपकिरी असलं तरी पीर पंजालचे माथे पांढरे असतात, आणि कोरड्या स्वच्छ दुपारी ते जास्त रेखीव दिसतात. तिकीट तेच, बाजू तीच, उजवी. फक्त बनिहालपर्यंत न जाता काझीगुंडला उतरा आणि पुढच्या गाडीने मागे फिरा.